‘जगात कुठेही’ म्हणजे वाईसुद्धा

इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये घर घ्यायला निघालो तेव्हा वकीलबाईंनी भरायला दिलेल्या फॉर्मवर प्रश्न होता: ‘जगात कुठेही तुमच्या नावावर घर, किंवा घरात हिस्सा, आहे का? पूर्वी कधी होता का?’ मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या पानावर गेलो. रेडिंगमध्ये आम्ही सात वर्षं भाड्याने राहत होतो. घर असतं तर दर महिन्याला घरमालकाला पंधराशे पौंड कशाला मोजले असते?

रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि आठवलं. वाईचं घर.

बाबा २०१६ साली गेले. त्यानंतर काकांनी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात खेपा घालून वारसनोंद करून घेतली. घर अर्धं काकांचं, अर्धं बाबांचं. बाबांच्या अर्ध्यात आई, ताई आणि मी, म्हणजे माझा सहावा हिस्सा. मालमत्ता पत्रकाचा फोटो काकांनी तेव्हा व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, मी त्याला नमस्काराचे दोन हात पाठवले होते आणि विसरलो होतो. माझ्या वाट्याला त्या घरातलं नेमकं काय येतं असं कोणी विचारलं असतं, तर माडीच्या जिन्याच्या तीन पायऱ्या असं म्हणालो असतो.

सकाळी उठून वकीलबाईंना ईमेल टाकला. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला. एरवी त्यांच्या उत्तराला दोन दिवस लागायचे, त्यावरून काय ते समजलो.

“हे घर राहतं आहे? स्वयंपाकघर, बाथरूम वगैरे?”

“हो. काका-काकू राहतात की.”

“आणि तुमचं नाव सरकारी नोंदीत लागलंय.”

“लागलंय. पण मी एक पैसा दिलेला नाही. वडिलांमागून आलंय.”

“कसंही आलेलं असो. तुम्ही फर्स्ट टाइम बायर नाही.”

इंग्लंडमध्ये घर घेताना सरकारला जी स्टॅम्प ड्यूटी द्यावी लागते तिच्यात पहिलं घर घेणाऱ्याला सूट असते. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्या ३ लाख पौंडांवर काहीच नाही आणि तिथून ५ लाखांपर्यंत ५ टक्के. आमचं घर शेवटी ३,८५,०००ला ठरलं. सुटीच्या हिशेबाने ४,२५० पौंड झाले असते. सूट गेली म्हणजे सगळ्यांचा दर: सव्वा लाखापर्यंत शून्य, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत २ टक्के, त्यापुढे ५. बेरीज ९,२५०. जिन्याच्या तीन पायऱ्या ५,००० पौंडांना पडल्या. बायकोच्या नावावर जगात कुठेही एक वीट नाही, पण दोघांनी मिळून घर घ्यायचं तर दोघंही कोरे लागतात. एकाची पाटी कोरी नसली की दोघांची सूट जाते. हे तिला सांगण्याचं काम मी संध्याकाळच्या चहापर्यंत लांबवलं.

“आणि हक्कसोड करून दिलं तर?” मी वकीलबाईंना विचारलं. काकांसाठी ते कधीतरी करायचंच होतं. हक्कसोडपत्र म्हणजे काय हे इंग्रजीत समजावताना माझी तारांबळ उडाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही आता मालक नाही असं त्याने होईल. तुम्ही कधीच मालक नव्हता असं नाही होणार.”

याहून मोठं विघ्न पुढे होतं. आधी एक घर असताना दुसरं घेतलं तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के जादा लागतात. आमच्या बाबतीत १९,२५० पौंड. तेवढे असते तर मोठं घर नसतं का बघितलं? सुदैवाने कायद्यात एक फट आहे. दुसऱ्या घरातला तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांच्या खाली असेल तर तो धरत नाहीत. मग काकांना फोन. काकांनी वाईतल्याच एका व्हॅल्युअरकडून लेटरहेडवर किंमत लिहून आणली: अख्खं घर ९० लाख, सहावा हिस्सा १५ लाख, म्हणजे १३ हजार पौंडांच्या आसपास. वाचलो. काका मात्र नाराज. “नव्वदच? कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर आहे म्हणावं.” कमी किमतीतच आपलं भलं आहे हे त्यांना पटवायला दोन फोन लागले.

मी ती ‘नाही’ची खूण तशीच ठेवली असती तर? हे मी नंतर विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न मी भरते, पण त्यातलं विधान तुमचं असतं, दंडही तुमचाच. त्या दिवसापासून मला या बाईंबद्दल आदर वाटायला लागला आणि थोडी धास्तीसुद्धा. पुढच्या पाच महिन्यांत कळलं की इथला वकील, सॉलिसिटर, म्हणजे आपणच पैसे मोजून आपल्यामागे लावून घेतलेला संशय असतो. विकणाऱ्यावर तर संशय घेतातच, आपल्यावर जास्त.

आदल्या वर्षी असा संशय घेणारं कोणी मिळालं नव्हतं. २०२४ मध्ये आम्ही एका फ्लॅटच्या मागे होतो. इस्टेट एजंटने वकिली कामाची एक कंपनी सुचवली, ७९० पौंडांत सगळं ऑनलाइन. एजंटला अशा शिफारशीचे पैसे मिळतात, ते त्याने कागदावर बारीक अक्षरात कळवलंही होतं, आम्हीच वाचलं नाही. चार महिन्यांत आमची फाइल तीन माणसांच्या हातून गेली. प्रत्येकाने पहिल्यापासून तेच विचारलं, आणि पाचव्या महिन्यात विकणाऱ्याने दुसऱ्याकडून सहा हजार जास्त घेतले आणि आम्हाला राम राम केला. इथे ऑफर मान्य झाली, एजंटने अभिनंदन केलं, बोर्डावर ‘सोल्ड’ची पट्टी लागली, तरी करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कोणीही कोणाला बांधील नसतं. ठरलेला सौदा असा मोडून दुसऱ्याचे जास्त पैसे घेण्याला गॅझम्पिंग असा खास शब्द आहे. ज्या गोष्टीला स्वतंत्र शब्द असतो ती वारंवार होत असणार हे ओघाने आलंच. आपल्याकडे हजार रुपयांची इसारपावती केली तरी माणसाला शब्द फिरवताना लाज वाटते, निदान वाटावी अशी अपेक्षा असते. त्या फेरीत सर्व्हेचे, म्हणजे घराच्या तपासणीचे, आणि सर्चचे, म्हणजे घराबद्दलच्या नोंदी धुंडाळण्याचे, नऊशे पौंड पाण्यात गेले.

म्हणून दुसऱ्या वेळी गावातलं ऑफिस गाठलं. जिना चढून जायचं, खाली बेकरी. फी १,४५० पौंड, वर २० टक्के व्हॅट. महाग. पण फोन केला की तोच आवाज यायचा.

“कन्व्हेयन्सिंग सुरू झालं,” मी आईला फोनवर सांगितलं. घर नावावर करून घेण्याच्या सगळ्या वकिली कामाला इथे हा शब्द आहे.

“अरे बापरे. आमच्या सोसायटीचं सत्तावीस वर्षं चालू आहे.”

आई कोथरूडला राहते. तिच्यासाठी कन्व्हेयन्स या शब्दाचा एकच अर्थ: बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, जे त्याने अजून केलेलं नाही. कायद्यात त्याला चार महिने दिलेत. आता सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे फाइल लावली आहे, आणि जनरल बॉडीत दरवर्षी त्या विषयावर चहा गार होईपर्यंत चर्चा होते. हा शब्द ऐकून तिला माझी काळजी वाटली यात तिचं काही चुकलं नाही.

मी तिला फरक सांगायचा प्रयत्न केला. आपल्याकडे रजिस्ट्रारकडे नोंद होते ती दस्ताची. विकणारा खरा मालक आहे की नाही याची हमी सरकार घेत नाही, म्हणून वकील तीस वर्षांचा सर्च काढतो आणि आपण देवाचं नाव घेतो. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीत थेट मालकीची नोंद होते, आणि नोंदीत चूक निघून कोणाचं नुकसान झालं तर भरपाईचीही सोय आहे. सात पौंड भरले की कोणीही कोणाच्याही घराची नोंद उतरवून बघू शकतो. मी शेजाऱ्यांचीही बघितली, खोटं कशाला बोलू.

“मग वकील कशाला?” आई म्हणाली. वकिलीणबाई आहेत हे तिला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. रजिस्टर मालक कोण ते सांगतं. घराला काय झालंय ते सांगत नाही, आणि पैसे कुठून आले हेही सांगत नाही. बाईंचं खरं काम या दोन गोष्टींत होतं, आणि सुरुवात दुसरीपासून झाली.

आमची बचत होती, बँकेचं गृहकर्ज, म्हणजे मॉर्गेज, होतं, वर आई साडेनऊ लाख रुपये देणार होती. तो आकडा उगाच नाही. असे भेटीचे पैसे परदेशी पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच कापून घ्यायचा कर, कापत नाहीत. त्यापुढच्या रकमेवर २० टक्के कापून घेतात आणि ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात. बँकेत ओळखीच्या मुलीने आईला हे सांगितलं, आणि आईने त्याच दिवशी एफडी मोडली.

इकडे बाईंचा ईमेल: आईंचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. पाठवलं. स्टेटमेंटमध्ये एफडी मोडल्याचे एकदम साडेनऊ लाख दिसतात, ती एफडी कशी झाली? एफडीची पावती पाठवली. एफडीत टाकलेले पैसे कुठले? बाबांच्या ग्रॅच्युइटीचे, २०१४ साली निवृत्त झाले तेव्हाचे. त्याचा पुरावा? सहकारी बँकेचं पासबुक होतं, त्यावरच्या नोंदी मराठीत. मग प्रमाणित भाषांतर. लंडनमधल्या एका भाषांतरकाराने ‘मुदत ठेव’, ‘वर्ग केले’, ‘व्याज जमा’ असं सगळं इंग्रजीत करून खाली सही-शिक्का ठोकला. पानाला ४० पौंड. आमचे बाबा हिशेबाला इतके काटेकोर होते की बसच्या तिकिटाच्या मागे खर्च लिहायचे. त्यांच्या ग्रॅच्युइटीचा रेडिंगच्या एका ऑफिसात असा पंचनामा चाललेला बघून मला राग आला होता, हे कबूल करतो. बाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याने मला हे विचारावंच लागतं. नाही विचारलं तर माझं लायसन्स जातं. आणि लॉर्ड असो की लॉरीवाला, प्रत्येकाला हेच विचारते.

मग आलं भेटपत्र. आईने सही करायची: हे पैसे मी मुलाला भेट म्हणून देत आहे, हे कर्ज नाही, मी ते परत मागणार नाही आणि या घरात माझा कोणताही हक्क राहणार नाही. मी व्हिडिओ कॉलवर तिला एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. परत मागणार नाही, इथपर्यंत ती हसली. “मुलाला दिलेले पैसे परत मागते का कोणी? हेही लिहून द्यायचं?” पुढचं वाक्य मी जरा भरभर वाचलं. तिने चष्मा काढला.

“हक्क नाही म्हणजे? मी तिकडे आले तर राहायचं कुठे?”

“तसं नाही गं आई. ते बँकेसाठी आहे.”

“बँकेला म्हणावं मी माझ्या मुलाकडे येणार.”

खरं तर बँकेलाच ती भीती असते. उद्या हप्ते थकले, घर विकायची वेळ आली, आणि घरातून एक बाई म्हणाली की माझेही पैसे यात आहेत, तर बँकेची पंचाईत. आणि आमची वकील एकाच वेळी आमचीही होती आणि बँकेचीही. इथे तसंच चालतं. आईने सही केली. खाली तारीख घातली आणि कंसात ‘राहायला येणार’ असं लिहिलं. ते पत्र मला दुसऱ्यांदा करून घ्यावं लागलं.

आता घराबद्दल. ऑक्सफर्ड रोडच्या एका बोळातलं, दोन्ही बाजूंना चिकटून घरं असलेलं, १८९०च्या दशकातलं. लाल आणि करड्या विटांची नक्षी असते तसलं. बाईंनी सर्च लावले: कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, पाणी आणि सांडपाण्याचा, पर्यावरणाचा. बहुतेकांत काही निघालं नाही. पर्यावरणाच्या अहवालात मात्र एक ओळ होती, जमिनीखाली खडूच्या जुन्या खाणी असण्याची शक्यता. मला वाटलं छापील धमकी असेल. बाई म्हणाल्या, रेडिंगमध्ये ती हसण्यावारी नेऊ नका. २००० साली इथल्याच फील्ड रोडवर जुन्या खाणींमुळे जमीन खचली आणि माणसांना घरं सोडून जावं लागलं होतं. आमची गल्ली ज्ञात खाणींच्या नकाशात नव्हती. तरी सर्व्हेअरला भेगा मुद्दाम बघायला सांगितलं, त्याने बघितल्या, नव्हत्या.

अजून एक सर्च होता, चॅन्सल रिपेअरचा. जुन्या काळी चर्चच्या मालकीची असलेली जमीन आज तुमच्याकडे असेल तर चर्चचा गाभारा दुरुस्त करायचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. हसलो मी. मग बाईंनी वॉरिकशरमधल्या अॅस्टन कँटलो गावची गोष्ट सांगितली. तिथल्या एका जोडप्याला वारसाने शेत मिळालं आणि पुढे चर्चच्या दुरुस्तीचं बिल. ते २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडले, हरले, आणि दुरुस्तीचे १ लाख ८६ हजार पौंड त्यांच्या माथी आले. वकिलांचा खर्च वेगळा. वारसाने काय काय पदरात पडतं याबाबतीत माझं दुःख फारच किरकोळ निघालं.

रजिस्टरच्या तिसऱ्या भागात मूळ जमीनमालकाने घातलेल्या अटी होत्या: डुकरं पाळायची नाहीत, बिअरचं दुकान काढायचं नाही. दोन्ही मान्य.

गाडी अडली ती धुराड्यावर. स्वयंपाकघरात जुनी चूल होती तिथला विटांचा उभा खांब, म्हणजे चिमनी ब्रेस्ट, कोणीतरी कधीतरी पाडून जागा मोकळी केली होती. तिथे आता फ्रीज. पण वरच्या मजल्यावर तोच खांब जसाच्या तसा उभा. सर्व्हेअरने एक वाक्य लिहिलं होतं: वरच्या विटांना आधार कशाचा आहे ते दिसत नाही. बाईंनी विकणाऱ्याच्या वकिलाला विचारलं: हे काम कधी केलं, बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र कुठे आहे? उत्तर आलं, आम्ही घेतलं तेव्हा असंच होतं. प्रमाणपत्र नाही. त्याऐवजी आम्ही तुम्हाला इंडेम्निटी विमा काढून देतो.

मला बरं वाटलं. विमा म्हणजे प्रश्न मिटला. बाई म्हणाल्या, हा विमा कागदाचा आहे, विटांचा नाही. कौन्सिलने उद्या बेकायदा कामाबद्दल नोटीस काढली तर तिचा खर्च मिळेल. रात्री झोपेत खांब अंगावर आला तर काही मिळणार नाही.

“मग मी कौन्सिललाच फोन करून विचारतो ना.”

“मुळीच करू नका.” एवढ्या जोरात त्या पहिल्यांदाच बोलल्या. कौन्सिलला तुमच्याकडून कळलं की विमा काढताच येत नाही. म्हणजे ज्या ऑफिसला खरं काय ते माहीत असण्याची शक्यता आहे, नेमकं तिथेच विचारायचं नाही. मला यातली गंमत अजून पूर्ण कळलेली नाही. आमच्या वाईच्या नगरपालिकेलाही असली युक्ती सुचली नसती.

शेवटी आम्ही स्ट्रक्चरल इंजिनियर आणला. पासष्टीचा माणूस, आल्या आल्या त्याने बूट काढले, त्यामुळे बायकोचं त्याच्याबद्दल चांगलं मत झालं. फ्रीज सरकवला, छताला एक वीतभर भोक पाडलं आणि टॉर्च धरून मला आत बघायला लावलं. आत दोन गंजलेले लोखंडी ब्रॅकेट आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एक लाकडी फळी. फळीला मधोमध बाक आलेला. शंभर वर्षांच्या विटा त्या फळीवर उभ्या होत्या, आणि वरच्या खोलीत त्याच खांबाला टेकवून विकणाऱ्यांच्या मुलीचा पलंग. इंजिनियर म्हणाला, ‘अजून पडलं नाही म्हणजे पडणार नाही असं नाही.’ लोखंडी तुळई घालायचा अंदाज त्याने लिहून दिला.

त्या जोरावर ३,८९,०००चे ३,८५,००० झाले. किंमत कमी झाली हे बाईंनी बँकेला कळवलं, कारण त्या बँकेच्याही वकील. बँकेने मॉर्गेजची ऑफर नव्याने काढली, त्यात नऊ दिवस गेले. माझ्यासाठी भांडून मला चार हजार मिळवून देणारी आणि लगेच बँकेकडे चुगली करणारी एकच बाई, ही व्यवस्था पचनी पडायला वेळ लागतो.

मधल्या काळात विकणाऱ्यांनी भरलेले फॉर्म आले. एकात शेजाऱ्यांशी भांडण झालंय का, असा थेट प्रश्न असतो आणि खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. त्यांनी लिहिलं होतं: डावीकडच्यांच्या मांजराबद्दल एकदा बोलणं झालं, मिटलं. दुसरा फॉर्म घरात काय ठेवून जाणार याचा. पडदे, पडद्यांच्या दांड्या, दिवे, साबणाची डिश, टॉयलेट पेपर अडकवायचा हुक, प्रत्येकापुढे चौकट: ठेवणार, नेणार. ते हुक नेणार होते. कित्येक लाखांच्या व्यवहारात माणूस हुक काढून नेतो, याचा आम्ही दोन दिवस विचार करत होतो. नंतर घरात गेल्यावर बघितलं तर हुक जागेवर होता. नेलं होतं ते परसातलं गुलाबाचं झाड, मुळासकट, जे फॉर्ममध्ये नेणार म्हणून लिहिलेलंच नव्हतं. बाईंना सांगितलं. म्हणाल्या, पत्र लिहू शकते, पत्राचे माझे ऐंशी पौंड होतील. गुलाब सोडून दिला.

आणि मुहूर्त. ऑगस्टच्या शेवटी एजंट सांगायला लागला की एक्स्चेंज १२ सप्टेंबरला करू, सगळी साखळी तयार आहे. साखळी म्हणजे आम्ही ज्यांचं घर घेणार ते दुसऱ्यांचं घेणार, ते तिसऱ्यांचं. एक कडी अडली की सगळे अडले. आईने कालनिर्णय काढलं. “आठ तारखेपासून पितृपक्ष आहे. सही करायची नाही.” मी म्हणालो, आई, यात चार घरची माणसं आहेत, मी त्यांना पितृपक्ष कसा सांगू? बायको म्हणाली, सांगायचा कशाला, सही आधीच करून टाक ना.

तिचं बरोबर होतं. इथे करारावर सही आधीच करून वकिलाकडे ठेवायची असते. तोवर तो नुसता कागद. दोन्हीकडे सही झालेल्या प्रती आल्या की एक दिवस दोन वकील फोनवर बोलतात, तारीख ठरवतात, घड्याळ बघून वेळ लिहून घेतात आणि त्या मिनिटाला करार झाला. आपण तेव्हा ऑफिसात डबा खात असतो. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठे, फोटो, विकणारा, घेणारा, दोन साक्षीदार आणि त्यांच्या चहाचं बिल असं काहीही नाही. मी आजतागायत विकणाऱ्यांना भेटलेलो नाही. आम्ही २९ ऑगस्टला बेकरीवरच्या ऑफिसात सह्या केल्या, गणपती घरात असताना. ट्रान्सफर डीडवरच्या, म्हणजे मालकी बदलणाऱ्या दस्तावरच्या, सहीला साक्षीदार लागतो, तो घरचा नको. बाईंच्या रिसेप्शनिस्टने सही केली. आईला सांगितलं, सही गणपतीत झाली. पुढचं तिने विचारलं नाही.

नाहीतरी १२ तारीख हुकलीच. साखळीतल्या तिसऱ्यांची कागदपत्रं आली नव्हती. तोवर १० टक्के, ३८,५०० पौंड बाईंच्या क्लायंट अकाउंटला पाठवायचे होते. अकाउंट नंबर त्यांनी पहिल्या दिवशी कागदावर छापून हातात दिला होता आणि बजावलं होतं: आमचा नंबर बदलला असा ईमेल कधीही आला तर तो आमचा नाही. वकिलांचे ईमेल फोडून घराचे पैसे पळवणाऱ्यांचा इथे सुळसुळाट आहे. तरी पाठवण्याआधी मी फोन करून एकेक आकडा वाचून घेतला. आधी एक पौंड पाठवला, तो पोचल्यावर बाकीचे. बँकेच्या अॅपवर ‘पाठवा’ दाबताना माझा अंगठा घामाने ओला झाला होता, स्क्रीनला दोनदा कळलंच नाही.

एक्स्चेंज २५ सप्टेंबरला दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी झालं. नवरात्र बसलं होतं. या क्षणापासून माघार घेतली तर दहा टक्के बुडतात, आणि घराचा विमाही याच क्षणापासून आपण काढायचा असतो. घर अजून दुसऱ्याच्या ताब्यात, पण जळलं तर आपलं. किल्ल्या १० ऑक्टोबरच्या शुक्रवारी. आईला दसरा हवा होता. साखळीतल्या बाकीच्यांना शुक्रवार हवा होता.

त्या दिवशी आम्ही भाड्याच्या व्हॅनमध्ये सामान भरून साडेदहापासून नव्या घरासमोर उभे. पैसे साखळीच्या तळापासून वर चढतात, आणि तळाला आम्ही. बाईंनी सकाळीच पाठवले, पण ते पोचले, मोजले, पुढच्यांनी पुढे पाठवले, तिथे पोचले, असं होईपर्यंत एजंट किल्ल्या देत नाही. व्हॅनमध्ये समोर देवघर ठेवलेलं, बायकोच्या मांडीवर दुधाचं पातेलं, उतू घालायला. साडेबारा. एक. समोरच्या घरातून विकणाऱ्यांचे हमाल एक कपाट काढत होते, ते दारात अडकलेलं. दोनला बायको म्हणाली, दूध नासेल. २ वाजून २० मिनिटांनी फोन आला. किल्ल्या घ्यायला मी धावत गेलो, एजंटने किल्ल्यांबरोबर एक शॅम्पेनची बाटली दिली. ती वाहून आणताना डावीकडच्या मांजराने आडवं जाऊन स्वागत केलं. हे आईला सांगितलेलं नाही.

स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न चौदा दिवसांत भरायचं असतं. बाईंनी ते त्याच संध्याकाळी भरलं. ९,२५०. सहाव्या हिश्शासकट.

लँड रजिस्ट्रीत नाव लागायला जानेवारी उजाडला. बाईंनी ईमेलने पीडीएफ पाठवलं: आमची दोघांची नावं, घराचा नंबर, बँकेचा बोजा, आणि डुकरांची अट. मी ते आईला पाठवलं. तिने लगेच फोन केला.

“नाव बरोबर आहे. पण मूळ कागद कुठाय?”

“मूळ कागद नसतोच इथे आता. सगळं कॉम्प्युटरवर. हेच.”

ती बराच वेळ मोबाइलवर पान मागेपुढे करत असावी, मला फक्त पंख्याचा आवाज येत होता.

“अरे, यावर शिक्का नाही कुठे.”

“नसतो आई.”

“वकिलीणबाईंना विचार ना. एवढे पैसे घेतलेत, एक मारून देतील.”